नुसतं बसणं

दारात चपला काढायला ती वाकली होती, तेवढ्यात रोस्निझा हळूच म्हणाली, "सिस्टर, ते घड्याळही काढून ठेवा." कोणतं घड्याळ, हे गाइक लिआनला आधी कळेचना. मनगटात तिने जन्मात कधी घड्याळ बांधलं नव्हतं. मनगटातलं घड्याळ म्हणजे जंतूंची धर्मशाळा, असं ती नव्या मुलींना पहिल्याच दिवशी सुनवायची. मग हात आपोआप छातीशी गेला. डाव्या खिशाच्या वर पिनेला उलटं टांगलेलं ते घड्याळ सत्तावीस वर्षं तिथेच होतं, इतकं की आंघोळीच्या वेळीही कधीकधी ती तिथे चाचपायची. "का?" तिने विचारलं. "अंकल समोरच बसतात ना. आपण खाली घड्याळात बघितलं की त्यांना वाटतं, हिला घाई आहे." "मला घाई नाहीये." "मग काढा की," रोस्निझा म्हणाली, आणि हसली. एकोणतीस वर्षांची पोर, आणि हिला शिकवणारी, डोक्याला फिकट जांभळा रुमाल, गालावर तीळ. गाइक लिआनने पिन काढली, घड्याळ बॅगेत टाकलं, आणि चारचौघांत कवळी काढून पर्समध्ये ठेवावी तसं तिला झालं. पेनांग बेटावरच्या जेलुतोंगच्या त्या अरुंद गल्लीत समोरच्या न्हाव्याच्या दुकानातला रेडिओ चालू होता, सकाळचे साधारण दहा वाजले असतील, आणि साधारण दहा हा शब्द मनात आल्याबरोबर तिला अस्वस्थ वाटलं. साधारण दहा म्हणजे काय? दहाला चार कमी की दहा वाजून सात? अतिदक्षता विभागात साधारण असं काही वाजत नसे.

ती चौपन्न वर्षांची होती आणि शिकाऊ होती. सरकारी इस्पितळाच्या अतिदक्षता विभागाची मुख्य सिस्टर म्हणून तिचा एवढा दरारा होता की ती जिन्याने वर येतेय कळलं तर डॉक्टर लोक लिफ्टने खाली जात. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने वेळेआधी निवृत्ती घेतली, आणि चार महिन्यांत नवऱ्याची साखर, नवऱ्याचं वजन, नवऱ्याच्या लघवीच्या वेळा यांचे तक्ते फ्रिजवर लावले. नवरा, बून किआट, कवडे पाळायचा, त्यांची गाणी ऐकत बसायचा. एक दिवस तो अगदी नरम आवाजात म्हणाला, "लिआन, तू घरात असलीस की पक्षी गात नाहीत गं." त्याच आठवड्यात तिने घरोघर जाऊन न बऱ्या होणाऱ्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या त्या छोट्या संस्थेत अर्ज टाकला. काम सोपं असणार, असा तिचा समज होता. मशिन नाही, नळ्या नाहीत, जीव वाचवायची घाई नाही, उरलं काय? पहिले दोन दिवस संस्थेच्या खोलीत शिकवणी झाली. एकीने रुग्ण व्हायचं, दुसरीने नर्स. गाइक लिआनला रुग्ण केलं, पलंगावर झोपवलं, आणि एक नवी मुलगी स्टूल ओढून बसून मायेने विचारू लागली, "आंटी, आज तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची काळजी वाटते?" गाइक लिआन डोळे मिटून, कण्हत वगैरे, चांगली मरणपंथाला लागली होती. पण त्या प्रश्नावर तिने एक डोळा उघडला, म्हणाली, "या चादरीची," आणि उठून चादरीचा कोपरा पंचेचाळीस अंशात नीट दुमडून पुन्हा मरायला पडली. सगळे हसले. रोस्निझा हसली नाही. तिने वहीत काहीतरी लिहिलं. ती वही गाइक लिआनला आवडत नव्हती. आयुष्यभर वही तिच्या हातात असायची. सहा आठवड्यांनी त्याच वहीवरून ठरणार होतं, हिला एकटीला लोकांच्या घरी पाठवायचं की आभार मानून कवड्यांकडे परत पाठवायचं. आणि तिसऱ्या दिवशी, रोस्निझाच्या छोट्या गाडीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली असताना, तो तीळ तिला आठवला. नऊ वर्षांपूर्वी, सलाइनची पट्टी वाकडी चिकटवली म्हणून औषधांच्या खोलीत तोंडात रुमाल कोंबून रडणारी एक शिकाऊ मुलगी. "घरी जा आणि बाजारात कोळंबी सोल," असं आपण तिला म्हणालो होतो. रोस्निझा सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "सिस्टर, पट्टा वाकडा लागलाय तुमचा." या बेटावर आपण एकूण किती जणींना रडवलंय, याचा गाइक लिआनने मनाशी हिशेब करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला. बेट फार लहान होतं.

तर त्या घरात, समोर, लाकडी आरामखुर्चीत, ओई तेक हॉक बसले होते. वय चौऱ्याहत्तर. एक्केचाळीस वर्षं मयताच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवलेला माणूस. अर्धं जॉर्जटाउन त्यांनी डोंगरावरच्या दफनभूमीपर्यंत वाजवत पोचवलेलं. आता फुप्फुसं संपली होती. छातीचा नुसता पिंजरा, पण मिश्या काळ्या केलेल्या. त्यांनी गाइक लिआनकडे आपादमस्तक पाहिलं आणि बायकोला विचारलं, "ही कोण? विजेचं मीटर बघायला आली का?" बायको, सुआन आंटी, स्वयंपाकघरातून ओरडली, "काय?" त्यांना ऐकू कमी यायचं, आणि आपल्याला कमी येतं तसं सगळ्या जगालाच येतं असं धरून त्या बोलायच्या. "मीटर! मीटर!" "मीटर मागच्या दाराला आहे म्हणावं!" रोस्निझा हसत पुढे झाली, ही नवी सिस्टर, अंकल, मोठ्या इस्पितळात होत्या, वगैरे सांगितलं, आणि मग ती दोघं ज्या विषयावर बोलू लागली तो विषय होता काल झालेला कुणा दूरच्या माणसाचा मयताचा कार्यक्रम, ज्यात बँडवाल्यांनी ट्रम्पेट बेसूर वाजवला होता. गाइक लिआनला हुकूम होता: पहिली दहा मिनिटं काही करायचं नाही. नाडी बघायची नाही, उशी सरळ करायची नाही, औषधांच्या बाटल्या लेबल पुढे करून लावायच्या नाहीत. हात मांडीवर. नुसतं बसायचं.

ती बसली. नुसतं बसायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला हात आहेत, आणि ते दोन आहेत, आणि दोन्ही आपल्या ताब्यात नाहीत. घड्याळाशिवायच तिने त्यांचे श्वास मोजले, मिनिटाला अठ्ठावीस, नखं निळसर, घोटे सुजलेले, उशी चुकीच्या ठिकाणी, पंखा भिंतीकडे तोंड करून, भिंतीला वारा घालतोय. पंखा, पंखा, पंखा, असं तिच्या डोक्यात चाललं होतं. आणि या सगळ्याच्या खालून, अगदी बारीक, मशिन वाजत होतं. टुंक, टुंक, टुंक. ते तिला घरीही ऐकू यायचं. भाजी चिरताना, देवापुढे उदबत्ती लावताना. कानांच्या डॉक्टरने तपासून कानांत काही नाही म्हणून सांगितलं होतं. शांतता म्हणजे कुणाची तरी वायर निसटलीय, हे तिच्या रक्तात इतकं भिनलं होतं की जिथे शांतता असेल तिथे ते मशिन तिच्या मनाने स्वतःच सुरू करून टाकलं होतं, सुरक्षिततेसाठी. "काय ऐकतेयस?" तेक हॉकनी एकदम विचारलं. "काही नाही, अंकल." "खोटं. मान हलतेय तुझी तालावर. आम्हा बँडवाल्यांपासून लपतं होय?" तिने रोस्निझाकडे पाहिलं. रोस्निझाने कुठेच पाहिलं नाही. मग गाइक लिआनने सांगितलं, मशिनचा आवाज येतो, हृदयाच्या ठोक्यांचा, कायम. कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. "मिनिटाला किती?" "ऐंशी." त्यांनी ओठ मुडपून, जाणकाराच्या गांभीर्याने मान हलवली. "फार भरभर. मयताला बासष्ट. ऐंशीने वाजवलंस तर म्हाताऱ्या मागे राहतात आणि पुढारी मुडद्याच्याही पुढे जातात." आणि स्वतःच्याच विनोदावर हसताना त्यांना इतकी धाप लागली की ती बसायला पाच मिनिटं लागली.

परतताना गाडीत तिने विचारलं, "मॉर्फिन का देत नाही त्यांना? थोडंसं दिलं की धाप बसेल. कपाटात बाटली दिसली मला, बिस्किटांच्या डब्यामागे, सीलबंद." "घेत नाहीत," रोस्निझा म्हणाली. "त्यांचं म्हणणं, ते शेवटचं तिकीट. ज्याला ज्याला दिलं त्याला त्याला आपण आठवड्यात वाजवत नेलंय, म्हणतात." "मग समजावून सांगा." "तीनदा सांगितलं." "मग पुन्हा सांगा. मी सांगते. माझ्या वॉर्डात..." "सिस्टर," रोस्निझा म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी मऊ होता, "ते त्यांचं घर आहे." हे वाक्य पुढच्या महिनाभरात गाइक लिआनने इतक्यांदा ऐकलं की तिला ते स्वप्नातही ऐकू येऊ लागलं. आयर इतामच्या एका घरी तिने रुग्णाच्या मेव्हण्याला, तो तीन तास बसून फुटबॉलवर बोलत होता म्हणून, मनगट धरून दारापर्यंत नेलं आणि सांगितलं, "भेटीची वेळ संपली." मेव्हणा गोंधळून म्हणाला, "पण मी इथेच राहतो." दुसऱ्या एका घरी देवघरातल्या उदबत्त्या प्राणवायूच्या नळकांड्यापासून किती फुटांवर असाव्यात, यावरून तिने एका आजीबाईशी असा वाद घातला की आजीबाईंनी देवालाच साक्षीला बोलावलं. तक्रार आली. रोस्निझाने गाडीत बसल्यावर तक्रार वाचून दाखवली, वही मिटली आणि म्हणाली, "तुम्हाला सगळं येतं, सिस्टर. औषधं येतात, हात हलका आहे, नजर तर एक्स-रे आहे. फक्त तुम्ही घरात शिरलात की त्याचा वॉर्ड होतो." गाइक लिआनला उत्तर द्यायचं होतं. पण तिला एकदम आईची आठवण झाली. का, ते कळलं नाही. आई तिच्याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर वारली. निरोप आला तेव्हा ही ड्यूटीवर होती. धावत गेली, पडदा सरकवला, आणि सगळ्यात आधी बघितलं मशिनकडे. रक्तदाब ब्याऐंशीवर चव्वेचाळीस. तिने सलाइन वाढवलं, मास्क नीट केला, दाबाचा पट्टा दुसऱ्या हाताला बांधला. आई मास्कच्या आतून काहीतरी म्हणाली. "बोलू नकोस, आई, हवा जाते," असं तिने सांगितलं, आणि आई, आयुष्यभर कुणाचं न ऐकलेली बाई, गप्प बसली. ते आकडे आठवतात. तोंडाजवळ वाफ धरलेला मास्क आठवतो. आई काय म्हणाली ते नाही. ते ऐकलंच नव्हतं. "काय झालं?" रोस्निझाने विचारलं. "काही नाही. पट्टा काचतोय."

तेक हॉककडे त्या दोघी आठवड्यातून दोनदा जात. तिसऱ्या आठवड्यापासून गाइक लिआनला तिथे बसणं जमू लागलं, म्हणजे पंख्याचं तोंड वळवल्यावर जमू लागलं, आणि त्यासाठीही तिने आधी परवानगी मागितली, "अंकल, हा पंखा तुमच्याकडे वळवू का?", त्यावर ते म्हणाले, "एक महिना वाट बघतोय, कुणीतरी विचारेल म्हणून." वारा गालावर, नाकाच्या बाजूला घेतला की धाप कमी वाटते, हे पुस्तकात होतं. पण श्वासाबद्दल या माणसाला पुस्तकापेक्षा जास्त कळत होतं. एकदा त्यांनीच तिला शिकवायला घेतलं. "तुम्ही नर्सा सगळ्या ओरडता, श्वास घ्या, श्वास घ्या. चूक! घ्यायची काळजी करायची नसते, तो आपसूक येतो, भिकाऱ्यासारखा. सोडायचा कसा ते शिकायचं. ओठ असे. हं. फुंक लांबव. मयताची चाल धर, दोन ओळी एका फुंकेत." आणि त्यांनी ती चाल गुणगुणली, पेनांगच्या कुठल्याही गल्लीत ऐकली की माणसं हातातलं काम थांबवून रस्त्याकडे बघतात ती, संथ, थोडी गोड, थोडी लाजल्यासारखी. गाइक लिआनने शाळेनंतर कधी तोंडातून सूर काढला नव्हता. तिने फुंकर घालत गुणगुणून पाहिलं. "अरे देवा," तेक हॉक म्हणाले, "हिला पुढे चालवलं तर मुडदा उठून घरी जाईल." स्वयंपाकघरातून सुआन आंटी ओरडल्या, "काय?" पण तिने सोडलं नाही. कुठलंही काम कच्चं ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. घरी गॅलरीत उभी राहून ती त्या चालीवर फुंका लांबवायची सवय करू लागली, आणि बून किआटने पिंजऱ्यांवर कापडं टाकली.

पाचव्या आठवड्यातल्या बुधवारी, दुपारी, रोस्निझाची गाडी पुलाच्या अलीकडे पंक्चर झाली. तिने फोन केला, "तुम्ही टॅक्सीने पुढे जा, सिस्टर, बसा त्यांच्याशी, मी अर्ध्या तासात येते." गाइक लिआन दारात पोचली तेव्हा आतून आवाज येत होता, आणि तो आवाज तिला न बघताच ओळखू आला. तेक हॉक खुर्चीतून अर्धे उठलेले, दोन्ही हात टेबलावर, खांदे कानांपर्यंत, डोळे मोठे, आणि श्वास वरच्यावर, कुत्र्यासारखा, खाली उतरतच नव्हता. सुआन आंटी त्यांच्या पाठीवर तेल चोळत होत्या आणि रडत होत्या, मोठ्याने. "गाडी बोलाव! इस्पितळात ने! बोलाव गं बाई!" गाइक लिआनच्या हातात फोन कधी आला तिला कळलं नाही. अंगठा आकड्यांवर होता. पुढचं सगळं तिला पाठ होतं: आठ मिनिटांत गाडी, पंधरा मिनिटांत आपत्कालीन विभाग, नळी, मशिन, आणि मग तिचाच जुना वॉर्ड, कदाचित खिडकीजवळचा पलंग, हात बांधलेले, मिश्या पट्टीखाली, आणि ऐंशीच्या चालीवर टुंक, टुंक. दोन आठवडे निघतील. चांगले आकडे येतील. तिला ते सगळं येत होतं, आणि ते येतं म्हणूनच अंगठा तिथे होता. तेक हॉकनी तिच्याकडे बघितलं. बोलता येत नव्हतं. त्यांनी टेबलावरचा एक हात उचलून, फार कष्टाने, बोट नकारार्थी हलवलं, बँडमास्टर चुकीच्या वादकाला थांबवतो तसं. महिन्यापूर्वी याच खोलीत, पूर्ण शुद्धीत, रोस्निझासमोर ते म्हणाले होते: काही झालं तरी मला इथून हलवायचं नाही. कागदावर सहीही होती. कागद बॅगेत होता, घड्याळाशेजारी.

तिने फोन ठेवला. फोन ठेवायला जितकं बळ लागलं तितकं तिला सत्तावीस वर्षांत छाती दाबतानाही लागलं नव्हतं. टेबलावर दोन उश्या रचून तिने त्यांना त्यावर पुढे रेलवलं, पंखा गालाशी आणला, खिडकीच्या काचपट्ट्या सताड उघडल्या, बिस्किटांच्या डब्यामागची बाटली काढली, सील तोडलं. मग स्टूल ओढून, त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून, बसली. "अंकल, हे थोडंसं आहे, छोटा अर्धा चमचा. याने धाप बसते. हे तिकीट नाही. मी वॉर्डात लोकांशी खूप खोटं बोललेय, व्हरांड्यात उभं राहून. तुमच्याशी बोलणार नाही. घ्याल?" ते बघत राहिले. तिला वाटलं, हे नाही म्हणणार, आणि मला नुसतं बघावं लागणार. मग त्यांनी तोंड उघडलं, पिल्लासारखं. औषध आत गेल्यावर त्यांनी असा चेहरा केला की तेवढ्यातही त्याची चव कळली. औषध लागू पडायला वेळ होता, आणि तो वेळ कसा भरायचा हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. "सोडा," ती म्हणाली, "घ्यायची काळजी नको, सोडा," आणि तिने मयताची चाल धरली. बेसूर. एका फुंकेत दोन ओळी. त्यांच्या डोळ्यांत धाप होती, भीती होती, आणि त्यातून वाट काढत वर येणारी व्यावसायिक नाराजी होती. सुआन आंटींना ऐकू काही येत नव्हतं, पण ओठांवरून चाल कळली. चाळीस वर्षं या चालीवर त्यांनी कपडे धुतले होते. डोळे पुसून त्यांनीही सूर लावला, आणि त्यांनी लावला म्हणजे सगळ्या गल्लीने ऐकला. तिघांपैकी दोघी गात होत्या आणि तिसरा फुंकत होता, सहावी ओळ, आठवी ओळ, पुन्हा पहिल्यापासून, आणि कितव्या फेरीत कोण जाणे त्यांचे खांदे कानांपासून खाली उतरले. मग श्वास उतरला. कपाळावरचा घाम पंख्याने वाळला. गाइक लिआन गातच होती. थांबायला तिला भीती वाटत होती. "पुरे," तेक हॉक हळूच म्हणाले. "किती... बेसूर."

तेवढ्यात दारात सावली पडली. शेजारच्या चिआ बाई. घरात नेहमी लाल ब्लाउजात वावरणाऱ्या चिआ बाई गडद निळा, इस्त्रीचा झगा घालून, केस ओले करून, डोळ्यांना रुमाल लावून उभ्या होत्या. आपल्या दाराच्या चौकटीवर त्यांनी लाल कागदही चिकटवला होता, शेजारी मयत झालं की चिकटवतात तसा. "सुआन," त्या हुंदका देत म्हणाल्या, "किती वाजता गं?" त्यांच्या मागे समोरचा न्हावी वेलू, डोक्यावर चार प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालून, आणि त्याच्या मागे अर्धी दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईक, गळ्यात पांढरा कपडा तसाच. लोक येतील, बसायला लागेल, म्हणून वेलूने दुकान तसंच टाकलं होतं. "कोण गेलं?" तेक हॉकनी उश्यांवरून मान न उचलता विचारलं. चिआ बाई किंचाळल्या. एक खुर्ची खाली पडली. "अंकल, तुम्ही?" वेलू म्हणाला, "आम्हाला वाटलं बँड आला." "असा बँड मी माझ्या मयताला येऊ देईन? दहा मिनिटांत कपडे बदलून तयार! वाटच बघत होतीस का गं?" "इस्त्री केलेलाच होता," चिआ बाई रडत रडत म्हणाल्या, "गेल्या महिन्यापासून." यावर जे हसू फुटलं ते आधी गिऱ्हाइकाच्या तोंडून, मग सगळ्यांच्याच. खुर्च्या आणल्याच होत्या म्हणून मांडल्या, आणि सुआन आंटींनी, आलेली माणसं पाहून, आपोआप कॉफी टाकली. रोस्निझा पंक्चर काढून, रुमाल तिरका, हात काळे, गल्लीत शिरली तेव्हा तिला दिसल्या बाहेर मांडलेल्या खुर्च्या, शेजारच्या दारावर लाल कागद आणि निळ्या झग्यातल्या चिआ बाई. ती दारातच भिंतीला टेकली. आत आली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि समोर तेक हॉक कॉफीत बिस्किट बुडवत होते.

बाहेर ओसरीवर गाइक लिआनने तिला सगळं रांगेत सांगितलं, वॉर्डात ड्यूटी बदलताना सांगत तसं: श्वास चाळीस, मग चोवीस, औषध किती. "किती वाजता दिलं?" रोस्निझाने वही उघडली. "ते माहीत नाही," गाइक लिआन म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. "घड्याळ बॅगेत होतं. मला बघायचं सुचलंच नाही. माझ्या वॉर्डात कुणी असं केलं असतं तर मी तिला..." "कोळंबी सोलायला पाठवलं असतं," रोस्निझा म्हणाली. न्हाव्याच्या दुकानात रेडिओ चालू होता. "चुकलंच माझं तेव्हा," गाइक लिआन म्हणाली. "पट्टी वाकडी होतीच, सिस्टर. साधारण तीन लिहू?" "साधारण तीन लिही," गाइक लिआन म्हणाली, आणि ते ऐकायला तिला इतकं विचित्र वाटलं की तिने मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. सहा आठवडे भरायला अजून अवकाश असतानाच, हिला एकटीला पाठवायच्या कागदावर रोस्निझाने तिथेच, गुडघ्यावर वही ठेवून, सही केली.

शेजारी पांगले. सुआन आंटी मागच्या अंगणात दोरीवरचे कपडे काढायला गेल्या आणि त्यांनी गाइक लिआनला हाताने बोलावलं. चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. दोघी चादर ताणून घडी घालू लागल्या. मग आंटींनी विचारलं, नेहमीच्याच आवाजात, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल अशा, "शेवटी कसं होतं गं? आजच्यासारखं होतं का?" गाइक लिआनने आजूबाजूला पाहिलं. हा प्रश्न तिला हजार वेळा विचारला गेला होता, व्हरांड्यात, कुजबुजत, आणि ती प्रत्येक वेळी कुजबुजत म्हणाली होती, आम्ही सगळे प्रयत्न करतोय. ती हळूच म्हणाली, "आंटी, प्रत्येकाचं वेगळं असतं, आपण..." "काय?" "प्रत्येकाचं वेगळं असतं!" "ते माहीताय! यांचं कसं होईल?" कुजबुजीत जे काय झाकता येतं ते ओरडताना झाकता येत नाही, शब्दच सापडत नाहीत तसे. गाइक लिआनने चादर छातीशी धरली आणि ओरडून सांगितलं, "झोप वाढेल! खाणं सुटेल! मग श्वास लांब लांब पडत जाईल, मध्येच थांबेल, पुन्हा येईल!" "दुखेल?" "नाही! औषध आहे! आजच्यासारखं झालं तर मी येईन!" "किती दिवस?" समोरच्या दुकानातली कात्री थांबली. रेडिओ कुणीतरी बारीक केला. पुटपुटलेलं आंटींना ऐकू येणार नव्हतं. "आठवडे!" ती ओरडली. "महिने नाहीत! आठवडे!"

सुआन आंटींनी मान हलवली. चादरीची घडी पुढे आणून तिच्या हातातली टोकं काढून घेतली, हात तिच्या हातावर क्षणभर तसाच राहिला. आतून तेक हॉकचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "ऐकलं मी. सगळ्या जेलुतोंगने ऐकलं. सुआनला सांग, ती राखाडी पँट काढ म्हणावं, थोरल्याच्या लग्नातली. माझ्या मयताला ढगळ नको. शिंपी शुक्रवारी बंद असतो." गाइक लिआनने ते आंटींना ओरडून सांगितलं. आंटी आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज झाला, आणि पँट व शिवणाच्या डब्यातली मापाची पट्टी घेऊन त्या बाहेरच्या खोलीत आल्या. रोस्निझाने एका बाजूने आणि गाइक लिआनने दुसऱ्या बाजूने काखेत हात घालून तेक हॉकना उभं केलं. वजन असं नव्हतंच. आंटींनी त्यांच्या कमरेभोवती पट्टी फिरवली, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"एकोणतीस," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज कुजबुजीएवढा आला.

"एकतीस सांग शिंप्याला," तेक हॉक म्हणाले. "अजून जेवायचोय मी."